क्रूझ कंट्रोल आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल: विदर्भातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि गॅरेजवर येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. आधी लोक अ‍ॅव्हरेज आणि सस्पेन्शनचं विचारायचे. आता स्टिअरिंगवरच्या बटणांकडे बोट दाखवून "हे लावलं की गाडी आपोआप चालते का?" असं विचारतात. कारंजा, धामणगाव, मेहकर पट्ट्यातल्या लोकांनी तर हे प्रश्न इतक्यांदा विचारलेत की एकदाचे लिहून काढलेले बरे. आधी साध्या क्रूझचं बोलू, मग पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅडॅप्टिव्हचं.

क्रूझ कंट्रोल नेमकं करतं काय?

तुम्ही ठरवलेला वेग ते धरून ठेवतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसला तरी. बस्स, एवढंच. स्टिअरिंग तुमचं, ब्रेक तुमचा आणि समोर बघायचं कामही तुमचंच.

ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. नांगरटीला हँड थ्रॉटल एका जागी लावता. मधेच काळी चिकण जमीन लागली, नांगर जड झाला, तरी इंजिन बसत नाही. त्याच्यातला गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि फेरे टिकवतो. जमीन हलकी झाली की डिझेल कमी करतो. क्रूझ कंट्रोलही तेच करतं, फक्त इंजिनाच्या फेऱ्यांऐवजी गाडीचा वेग धरतं. युक्ती जुनीच आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसवला होता.

आजच्या गाडीत गोळे नाहीत, सेन्सर आहेत. चाकांजवळचे सेन्सर खरा वेग सांगतात. कंट्रोल युनिट तो तुम्ही ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहतं आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी झडप) तेवढा उघडतं किंवा मिटतं. हिशेब तीन गोष्टींचा असतो: आत्ता फरक किती आहे, हा फरक किती वेळापासून साचत आलाय, आणि तो किती झपाट्याने बदलतोय. पहिल्याच गोष्टीवर भागवलं असतं, तर लांब चढावर ९० लावलेली गाडी ८६–८७ वरच रेंगाळली असती. साचलेल्या फरकाचा हिशेब असतो म्हणूनच ती परत ९० वर येते.

हे शोधलं कोणी?

राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. बालपणी, वयाच्या पाचव्या वर्षी, अपघातात त्याची दृष्टी गेली होती. म्हणजे स्वतः गाडी न चालवणाऱ्या माणसाने हे यंत्र बनवलं. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. त्या हिसक्यांना टीटर वैतागला होता. पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ च्या क्रायसलर गाड्यांत ही सोय 'ऑटो-पायलट' नावाने आली. हे नाव गैरसमज करून देणारं होतं आणि तो गैरसमज आजही पुरता गेलेला नाही.

बटणं कशी वापरायची?

आधी क्रूझचं मुख्य बटण दाबा. मीटरवर खूण दिसेल, पण गाडी अजून तुमच्याच पायावर आहे. हवा तो वेग गाठा, 'सेट' दाबा आणि पाय हळूच काढा. बहुतेक गाड्यांत साधारण ३० ते ४० किमीच्या खाली सेट होत नाही. '+' आणि '−' ने वेग थोडाथोडा बदलतो. ब्रेकला नुसता पाय लागला तरी क्रूझ सुटतं. 'कॅन्सल'नेही सुटतं, फक्त ब्रेक लागत नाही. 'रिझ्युम' दाबलं की गाडी आधीच्या वेगाकडे निघते.

या 'रिझ्युम'शी जरा जपून. टोल नाक्याच्या आधी ११० लावलेलं होतं. नाका ओलांडून तुम्ही सर्व्हिस रोडला लागलात आणि सवयीने बटण दाबलं, तर गाडी इमानदारीने ११० च्या मागे लागते. रस्ता बदलला हे तिच्या गावीही नसतं.

गिअरच्या गाडीत चालतं का?

साधं क्रूझ चालतं. क्लच दाबला की बहुतेक गाड्यांत ते सुटतं. काही नव्या गाड्या गिअर बदलेपर्यंत थांबतात आणि पुन्हा पकडतात. चढावर गाडी धापा टाकायला लागली तर गिअर तुम्हालाच उतरवावा लागतो. अ‍ॅडॅप्टिव्ह मात्र आपल्याकडे मुख्यतः ऑटोमॅटिक मॉडेललाच मिळतं. कारण उघड आहे. पुढची गाडी थांबल्यावर आपली थांबवायची तर क्लच दाबणार कोण?

उतारावर वेग आपोआप वाढतो. गाडीत फॉल्ट आहे का?

नाही. साध्या क्रूझच्या हातात थ्रॉटल असतो, ब्रेक नाही. थ्रॉटल पूर्ण मिटवला तरी उतार गाडीला ढकलतच राहतो. काही गाड्या गिअर उतरवून किंवा हलका ब्रेक लावून सावरतात, पण सगळ्या नाही. चिखलदऱ्याच्या घाटात तर क्रूझचा विषयच नको. तिथे खालचा गिअर लावा.

मग अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये वेगळं काय?

त्याला समोर बघायला डोळा दिलेला असतो. पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये बसवलेला रडार ७६–७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. त्या पुढच्या गाडीवर आदळून परत येतात. परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. वारंवारतेत पडलेल्या फरकावरून ती गाडी आपल्यापेक्षा किती जोरात किंवा हळू जातेय हे कळतं. रेल्वे जवळून जाताना तिच्या भोंग्याचा सूर उतरतो, त्यामागेही हाच डॉप्लर परिणाम असतो. बऱ्याच गाड्यांत आरशामागे, काचेला चिकटून कॅमेराही असतो. तो लेनच्या रेघा बघतो आणि समोरची वस्तू ट्रक आहे की मोटरसायकल, हे ओळखायला मदत करतो.

समोर मोकळं असेल तर गाडी साध्या क्रूझसारखीच चालते. तुम्ही १०० लावलंय आणि पुढे ७० चा ट्रक आला, तर ती थ्रॉटल सोडते, गरज पडल्यास ब्रेक लावते आणि त्याच्या मागे ७० ने चालत राहते. ट्रक बाजूला झाला की पुन्हा १०० कडे निघते. 'स्टॉप अँड गो' असेल तर पार थांबतेही. दोन-तीन सेकंदांत पुढची गाडी हलली तर आपणहून निघते. जास्त वेळ गेला तर बटण किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबून 'चल' म्हणावं लागतं.

ही सोय पहिल्यांदा १९९५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने दिली. तेव्हा रडारऐवजी लेझर होता आणि त्या प्रणालीला ब्रेक लावता येत नव्हता. मर्सिडीजने १९९९ मध्ये रडारवाली एस-क्लास आणली. भारतात मोठ्या प्रमाणावर हे अलीकडेच आलं: २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर, २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही७००. पुढच्या दोन-तीन वर्षांत होंडा सिटी हायब्रिड, टाटा हॅरिअर-सफारी, ह्युंदाई वर्ना, किया सेल्टोस आणि क्रेटापर्यंत पोचलं.

अंतर मीटरमध्ये का दाखवत नाहीत? त्या दोन-तीन रेघा कशाच्या?

त्या रेघा वेळेच्या आहेत. तुमची गाडी पुढच्या गाडीच्या किती सेकंद मागे राहील, हे त्या ठरवतात. साधारण एक ते अडीच सेकंद. १०० किमीच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंदांचं अंतर झालं ५६ मीटर. ५० च्या वेगात तेच २८ मीटर होतं. वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं, म्हणून हिशेब सेकंदांचा.

माझं मत विचाराल तर रेघा सगळ्यात जास्त ठेवा. "मधे दुसरा घुसतो ना भाऊ" ही तक्रार खरी आहे. पण घुसला तर घुसू द्या, गाडी पुन्हा तेवढं अंतर पाडून घेते.

रस्त्यावर उभी असलेली ट्रॉली त्याला दिसते का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

चालत्या गाडीमागे राहायला हे यंत्र उत्तम. उभ्या वस्तूंपाशी ते अडखळतं आणि त्याला कारण आहे. रडारच्या दृष्टीने रस्ता उभ्या वस्तूंनी भरलेला असतो: पाट्या, पुलाचे कठडे, दुभाजकाचं लोखंड, पुलाखालची कमान. या सगळ्यांवरून लहरी परत येतात आणि सगळ्या एकच सांगतात की 'मी उभी आहे'. प्रत्येकीला घाबरून गाडीने ब्रेक मारला तर मागचा ट्रक तुमच्या डिकीत येईल. म्हणून बऱ्याच प्रणाली, विशेषतः जास्त वेगात, आधीपासून उभ्या असलेल्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतात किंवा त्यांना कमी महत्त्व देतात. नव्या गाड्यांत कॅमेऱ्यामुळे सुधारणा झाली आहे, तरी मॅन्युअलमध्ये हा इशारा ठळक छापलेला असतो. तो वाचायची तसदी कोणी घेत नाही, एवढंच.

आता आपल्याकडचा नोव्हेंबर-डिसेंबर डोळ्यासमोर आणा. कापसाचा हंगाम, जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या. सायंकाळी सातची वेळ. एका ट्रॉलीचं टायर बसलंय आणि ती अर्धी डांबरावर, अर्धी कडेला उभी आहे. मागे दिवा नाही, रेडियम धुळीने माखलंय आणि बारदाना दोन्ही बाजूंनी फूट-दोन फूट बाहेर लोंबतोय. मागे दोन दगड ठेवलेत, हीच काय ती खूण. कोरडा कापूस आणि बारदाना रडारच्या लहरी फारशा परत पाठवत नाहीत. ट्रॉलीचा लोखंडी साटा पाठवतो, पण तो उभा आहे. कॅमेऱ्याला तुमच्या लो बीमचा उजेड जाईल तेवढंच दिसतं, म्हणजे साधारण ५०–६० मीटर. १०० च्या वेगात तेवढं अंतर दोन सेकंदांत संपतं, आणि कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी गाडी थांबायला जवळपास तेवढीच जागा लागते. त्यात तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा वेळ धरलेला नाही.

चालती ट्रॉलीसुद्धा सोपी नाही. ती २० ने जातेय, तुम्ही १०० ने. फरक ८० किमीचा, सेकंदाला २२ मीटर. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ पूर्ण ताकदीचा ब्रेक लावत नाही. आरामासाठी त्याच्या ब्रेकला मर्यादा घातलेली असते, दर सेकंदाला वेग साधारण १२–१३ किमीने कमी होईल एवढीच. त्या हिशेबाने ८० चा फरक मिटवायला सुमारे ७० मीटर लागतात, आणि वर राखायचं अंतर वेगळं. सरळ रस्त्यावर रडारने दीडशे मीटरवरून पकडलं तर सहज जमतं. वळणानंतर किंवा चढ संपतो तिथे ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर गाडी टुंग-टुंग वाजवून काम तुमच्या पायावर सोपवते.

म्हणून यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या दुहेरी रस्त्यांवर अंधार पडला की क्रूझ बंद. यात मी सूट देत नाही.

ढोरं, रोही (नीलगाय), रानडुक्कर, बंडी (बैलगाडी)?

त्यांच्यासाठी ही प्रणाली बनलेलीच नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ आपल्या दिशेने जाणाऱ्या वाहनांचा माग काढतं. रोही तुरीच्या वावरातून निघतो आणि आडवा उडी मारतो. तो पुढे जात नाही, बाजूने येतो, आणि एकामागे दुसरा असतोच. बंडीचं लाकूड आणि बैलांची अंगं लोखंडासारखा ठसठशीत संकेत देत नाहीत. समृद्धीवर जनावरांसाठी खालून-वरून मार्ग काढलेत, कुंपण आहे. तुमच्या गावाच्या फाट्यावर ते नाही.

पण गाडीत ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक आहे ना?

असेल, पण ते वेगळं काम आहे. क्रूझ आरामासाठी, ते टक्कर टाळण्यासाठी किंवा तिचा जोर कमी करण्यासाठी. रडार आणि कॅमेरा तेच असले तरी इमर्जन्सी ब्रेक शेवटच्या क्षणी जोरात लागतो, क्रूझ बंद असलं तरी. वाहनं, पादचारी आणि सायकलवाले ओळखायला त्याला शिकवलेलं असतं. वेग जास्त असेल तर तो टक्कर टाळेलच असं नाही, आणि जनावरांची हमी सहसा कोणी देत नाही.

पुढची गाडी बाजूला होताच माझी एकदम पळते. भीती वाटते.

तुम्ही १०० लावलेलं आहे आणि समोर मोकळं झालं, म्हणून ती १०० कडे निघते. धोका तेव्हा, जेव्हा पुढची गाडी एखाद्या उभ्या ट्रकला चुकवण्यासाठी बाजूला होते. तुमच्या गाडीला वाटतं मोकळा रस्ता मिळाला, आणि समोर ट्रक उभा. वळणावरही असंच होतं. पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते आणि आपली उगाच वेग धरते. कधी उलटंही घडतं: शेजारच्या लेनमधला ट्रक आपलाच समजून ती ब्रेक लावते. अशा वेळी बटणं शोधत बसू नका, सरळ ब्रेकवर पाय ठेवा.

समृद्धीवर किती लावावं?

कारला मर्यादा १२० आहे. १२० लावलंच पाहिजे असा नियम नाही. ९५ ते १०० वर गाडी, टायर आणि माणूस तिघंही सुखी राहतात, विशेषतः मे महिन्यात सिमेंटचा रस्ता तापलेला असताना. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासा आणि जुने, तडे गेलेले टायर घेऊन या रस्त्यावर चढू नका. क्रूझ फुटलेल्या टायरला सावरत नाही.

खरी अडचण झोपेची आहे. रस्ता सरळ, दृश्य तेच, पायाला काम नाही. डोळे उघडे असतात पण माणूस हजर नसतो. क्रूझमुळे हे वाढतं, कारण थकलेला पाय सैल पडून वेग कमी व्हायचा, तो इशाराही राहत नाही. नागपूर ते शिर्डीच ५२० किमी आहे आणि मुंबईकडे ७०१. दीड-दोन तासांनी उतरा, तोंडावर पाणी मारा. जेवण करून दुपारी निघालात तर क्रूझ न लावता चालवलेलं बरं.

गावाकडच्या रस्त्यांवर लावू का?

नको. ब्रेकर, फाटे, शाळा, बाजाराचा दिवस. लावण्याआधीच काढावं लागेल.

पावसात?

जोराच्या पावसात बंद ठेवा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की वेग हळूच सोडायचा असतो. क्रूझ मात्र ठरलेला वेग टिकवायला बघतं. बहुतेक गाड्यांत चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल क्रूझ सोडवतं, पण तोपर्यंत एखादा सेकंद गेलेला असतो. दाट पाऊस आणि धुकं कॅमेऱ्याला आंधळं करतात. रडार त्या मानाने टिकून राहतो.

अ‍ॅव्हरेज वाढतं का?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर थोडं वाढतं, कारण पायाची चुळबुळ थांबते. चढउताराच्या रस्त्यावर कमीही होऊ शकतं. जाणता ड्रायव्हर चढावर थोडा वेग सोडतो, क्रूझ सोडत नाही. पण खरा फरक तुम्ही किती लावता त्याने पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी ११० लावलं तर तो जवळपास दीडपट होतो. म्हणून ११० वर क्रूझ लावून अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजतो, गाडी उघडत नाही.

८० ला एक बीप आणि १२० ला सतत बीप. हे क्रूझचंच का?

नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ती वेगसूचना सक्तीची आहे. क्रूझ असो-नसो, वाजणारच.

स्क्रीनवर 'रडार ब्लॉक' असा काहीतरी मेसेज येतो. काय करू?

बहुतेक वेळा ओलं फडकं पुरतं. वणीकडून आलेल्या गाड्यांची पुढची बाजू बघा. खाणींतून येणाऱ्या ट्रकांची कोळशाची धूळ, तिच्यावर पावसाचा शिडकावा, आणि बंपरवर काळपट लेप बसतो. लोगो किंवा जाळीमागची ती गुळगुळीत काळी पट्टी दिसते का, तिच्यामागे रडार आहे. पट्टी घासू नका. पाणी मारून मऊ फडक्याने पुसा. आरशाच्या वरच्या भागासमोरची काचही पुसा. चिलटं चिकटली तरी कॅमेरा कुरकुरतो.

पुसूनही मेसेज जात नसेल तर विचार करा की अलीकडे काय बदललं. लोखंडी बंपर गार्ड लावलाय का? तो रडारसमोर आडवा येतो. शिवाय केंद्र सरकारने २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंय. पुढची काच बदलली का? मग कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो. बंपर ठोकून सरळ केला असेल तर रडारची दिशा तपासून घ्या. दिशा एक अंश चुकली तरी शंभर मीटरवर पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे तो अर्ध्या लेनने बाजूचं बघतो.

जुन्या गाडीत बाहेरून बसवता येतं का?

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या बऱ्याच गाड्यांत साधं क्रूझ बसवता येतं. काही मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटला वायरिंग आधीच असतं, फक्त बटणं नसतात. ब्रेक आणि क्लचच्या स्विचचं कनेक्शन पक्कं झालंय का, ते मोकळ्या मैदानात स्वतः तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. वॉरंटी असेल तर आधी डीलरला विचारा, वायर कापली की ते हात वर करतात. अ‍ॅडॅप्टिव्ह बाहेरून बसवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेक, गिअर, रडार, सगळ्यांची आपसात भाषा जुळावी लागते आणि ती कंपनीतच जुळते.

सेकंडहँड गाडी घेतोय. क्रूझ चालू आहे का, कसं बघू?

चौपदरी मोकळ्या रस्त्यावर दिवसा ६० ला सेट करा. पाय काढल्यावर काटा स्थिर राहतो का बघा. ब्रेकला हलका पाय लावा, लगेच सुटलं पाहिजे. मग पुन्हा सेट करून क्लचने तेच बघा. अ‍ॅडॅप्टिव्ह असेल तर ओळखीच्या माणसाला पुढे गाडी घेऊन ५० ने चालायला सांगा आणि पुरेशा लांबून मागे या. ब्रेकवर पाय तयार ठेवा. वेग गुळगुळीत उतरला पाहिजे, हिसका नको. नंतर खाली उतरून बंपरच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, पुढच्या काचेवर गाडीच्या कंपनीचाच शिक्का आहे का, ते पाहा. यातलं काही वेगळं दिसलं तर कॅलिब्रेशनचं बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला लावा.